मॅक्वारीचे ससे, मॅरियनचे उंदीर : मारायचे तर शेवटच्यापर्यंत

गवत्या · शनिवार, रात्री ९:१०

पेंग्विनच्या धाग्यावर एकानं विचारलं होतं की अंटार्क्टिकाच्या अलीकडच्या त्या बेटांवर माणूस राहतच नाही, मग तिथं निसर्ग वाचवायचा म्हणजे करायचं काय? प्रतिसादात मावणार नव्हतं म्हणून वेगळा धागा काढतोय.

एका शब्दात उत्तर: मारायचं. ससे, मांजरं, उंदीर, रेनडिअर. आणि एकदा मारायला घेतलं की शेवटचा जीव संपेपर्यंत थांबायचं नाही. मधेच थांबलात, किंवा एकच प्राणी हटवून हात झटकलेत, तर दुसरा उरावर बसतो. ऐकायला क्रूर आहे, मान्य. आधी वाचा, मग भांडू.

नकाशावर आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड यांच्या खाली बोट नेत गेलात की साधारण ४६ ते ५५ अंश दक्षिणेच्या पट्ट्यात ठिपके लागतात. मॅरियन, क्रोझे, केर्गेलेन, हर्ड, कॅम्पबेल, मॅक्वारी, आणि अटलांटिकच्या अंगाला साउथ जॉर्जिया. पश्चिमेचा वारा इथं पृथ्वीभोवती गरगरत असतो, त्याला अडवायला वाटेत जमीनच नाही. मॅक्वारीवर वर्षातले तीनशेहून जास्त दिवस वरून काही ना काही पडतच असतं. बहुतेक बेटांवर झाड औषधालाही नाही. गवत मात्र असं की टसॉकचा एकेक ठोंब माणसाच्या छातीला लागतो.

या बेटांवर जमिनीवर चालणारा सस्तन प्राणी कधी पोचलाच नव्हता. सील येतात, पण ते समुद्रातून. त्यामुळे पेट्रेलसारखे समुद्रपक्षी जमिनीत बीळ करून अंडं घालतात, अल्बट्रॉस उघड्यावर मातीचा उंचवटा करून खुशाल बसतो. शत्रू पायानं चालत घरट्यापर्यंत येऊ शकतो हे त्यांच्या गावीही नाही.

मॅक्वारी घेऊ, कारण तिथली गोष्ट पूर्ण झालेली आहे. ३४ किलोमीटर लांब, जास्तीत जास्त ५ किलोमीटर रुंद, कारभार टास्मानियाकडे. १८१० मध्ये सिडनीहून आलेल्या सील मारणाऱ्यांच्या जहाजाला हे बेट सापडलं आणि पुढच्या दहाएक वर्षांत तिथले केसाळ फर सील जवळजवळ संपले. मग हत्ती सील, मग पेंग्विन. जोसेफ हॅच नावाच्या न्यूझीलंडच्या व्यापाऱ्यानं पेंग्विन वाफेवर उकळून तेल काढायचा कारखानाच टाकला. त्या लोखंडी टाक्या गंजलेल्या अवस्थेत अजून किनाऱ्यावर उभ्या आहेत. अंटार्क्टिकाचे संशोधक डग्लस मॉसन यांच्यासारख्या लोकांनी आरडाओरडा केल्यावर परवाना थांबला आणि १९३३ मध्ये बेट अभयारण्य झालं. १९९७ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलं.

माणूस थांबला, पण त्यानं सोडलेली जनावरं कुठली थांबायला! मांजरं १८२० च्या आधीपासून होती. काळे उंदीर आणि घरातले छोटे उंदीर जहाजांतून उतरले. ससे १८७० च्या दशकाच्या शेवटी मुद्दाम सोडले, खलाशांना ताजं मांस मिळावं म्हणून. बेटावर एक पोपट होता, फक्त तिथलाच. मांजरांबरोबर तो सत्तरएक वर्षं तगला आणि ससे आल्यावर दहा-बारा वर्षांत नामशेष झाला.

सशांनी नंतर बेट कुरतडायला घेतलं. १९७० च्या दशकात अंदाजे १ लाख ३० हजार ससे होते. १९७८ मध्ये सशांना मारणारा मिक्सोमा विषाणू सोडला, आकडा २० हजारांच्या खाली आला. त्यानंतर मांजरं मारायला घेतली. ती वर्षाला ६० हजार समुद्रपक्षी खातात असा अंदाज होता. जून २००० मध्ये शेवटचं मांजर मारलं. शंभराहून जास्त वर्षांनी ग्रे पेट्रेल पुन्हा बेटावर अंडी घालायला लागले. सगळे खूश.

आणि ससे परत लाखावर गेले! टसॉकचे ठोंब मुळाशी खाल्ले, मोठ्या पानांची मॅक्वारी कोबी खाल्ली, उतार उघडे पडले. सप्टेंबर २००६ मध्ये लुसिटानिया उपसागरात कडा पेंग्विनच्या वसाहतीवर कोसळला.

मग २ कोटी ४६ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरची योजना ठरली: ससे, उंदीर, छोटे उंदीर, तिन्ही एकदम. २०१० च्या हिवाळ्यात हेलिकॉप्टर घेऊन गेले तर हवामानानं काम करूच दिलं नाही, बेटाचा दहावा हिस्साही न होता परतले. फेब्रुवारी २०११ मध्ये सशांचा दुसरा विषाणू, कॅलिसीव्हायरस सोडून संख्या आधी पाडली, आणि त्या हिवाळ्यात सगळ्या बेटावर विषारी आमिषाच्या गोळ्या टाकल्या. उरले जेमतेम तेरा ससे. ते शोधायला माणसं आणि शिकवलेले कुत्रे. शेवटचा ससा २०११ च्या अखेरीस गेला, तरी २०१४ पर्यंत तुडवणं चालू होतं, कारण ‘नाही’ हे सिद्ध करायचं होतं. एकूण ९२ हजार किलोमीटर चालले म्हणतात. एप्रिल २०१४ मध्ये बेट मोकळं झाल्याची घोषणा झाली.

आता मॅरियन. तिथलं काम अजून व्हायचंय. दक्षिण आफ्रिकेनं १९४७-४८ मध्ये मॅरियन आणि शेजारचं प्रिन्स एडवर्ड बेट ताब्यात घेतलं. हवामान केंद्रात उंदरांचा उच्छाद, म्हणून पाच मांजरं नेली. १९७७ पर्यंत त्यांची ३,४०० झाली, वर्षाला साडेचार लाख पक्षी फस्त. तिथं मांजरांचा एक विषाणू सोडला, मग रात्री दिवे घेऊन बंदुकीनं शिकार, १९९१ मध्ये शेवटचं मांजर संपलं. उंदीर मात्र राहिले. हवा उबदार आणि कोरडी होत गेली तसा त्यांचा विणीचा हंगाम लांबला, संख्या फुगली. आधी त्यांनी किडे-अळ्या संपवत आणल्या. २००३ मध्ये कुरतडलेलं पहिलं अल्बट्रॉसचं पिल्लू दिसलं.

आपल्या घरात सापळ्यात सापडतो तोच उंदीर हा, वीस-पंचवीस ग्रॅमचा. रात्री येतो, घरट्यातल्या पिलाच्या पाठीवर किंवा डोक्यावर चढतो आणि कुरतडायला लागतो. पिल्लू दहा किलोचं. चोचीच्या एका फटक्यात उंदीर मरेल. पण ते उठत नाही, फार तर मान हलवतं. ‘अंगावर कुणी चढलं तर झटकायचं’ हे त्याच्या रक्तातच नाही. डोक्याची कातडी सोलली जाते आणि काही दिवसांनी ते मरतं. २०२३ मध्ये पूर्ण वाढलेले भटके (वाँडरिंग जातीचे) अल्बट्रॉससुद्धा असे मेलेले सापडले. जगातल्या भटक्या अल्बट्रॉसपैकी सुमारे पाव याच बेटावर वीण करतात.

---

निळी शाई · शनिवार, रात्री ९:५२

वाचतेय. पोपटाचं दोनदा वाचलं तरी कळलं नाही. ससा गवत खातो, पोपटाशी त्याचं काय वैर? मांजरांनी सत्तर वर्षं खाल्लं नाही आणि सशांनी संपवलं?

---

आडकित्ता · शनिवार, रात्री १०:०५

मुंबई महापालिकेचे मूषक संहारक पाठवा. रात्रपाळीचा अनुभव दांडगा, शेपट्या मोजून हिशेब चोख.

---

गवत्या · शनिवार, रात्री १०:२०

@निळी शाई, संपवलं मांजरांनीच. पण सशांच्या जिवावर. उन्हाळ्यात बेट पक्ष्यांनी भरलेलं असतं, मांजरांची चंगळ. हिवाळ्यात बहुतेक पक्षी समुद्रावर निघून जातात आणि मांजरं उपाशी मरतात. त्यामुळे त्यांची संख्या आपोआप आटोक्यात होती, पोपटाला श्वास घ्यायला जागा होती. ससे आले आणि मांजरांना बारमाही जेवण मिळालं. वेका नावाचा न्यूझीलंडचा एक न उडणारा पक्षीही खलाशांनी सोडला होता, त्याचंही फावलं. भरपूर मांजरं, भरपूर वेका आणि जमिनीवर घरटं करणारा पोपट.

@आडकित्ता, शेपट्या मोजून भागत नाही हीच तर अडचण आहे. मुंबईत लाख मारले की काम झालं म्हणता येतं. तिथं एक गाभण मादी राहिली की सगळं मुसळ केरात.

---

मनीमाऊ · रविवार, सकाळी ८:३१

मला हे वाचवलं नाही. माणसानं आणलं, माणसानं सोडलं, आणि शिक्षा मुक्या जनावरांना? हेलिकॉप्टरनं विष? त्या उंदराला पोट आहे, तो खाणारच. निसर्ग आपलं बघून घेतो, दोनशे वर्षं झालीच ना, अजून शंभर वर्षांत काहीतरी समतोल होईलच की. आपण कोण ठरवणार अल्बट्रॉस मोठा आणि उंदीर छोटा?

---

पिंपळपान · रविवार, सकाळी ९:०२

मनीमाऊ +१, निदान भावनेला. विष हा शब्द वाचला की माझाही हात थांबतो.

---

गवत्या · रविवार, सकाळी १०:४५

@मनीमाऊ, दोष उंदराचा नाहीच. तसं कुणी म्हणतही नाही. पण ‘समतोल होईल’ याचा हिशेब मांडू. भटका अल्बट्रॉस दहाएक वर्षांचा झाल्यावर पहिल्यांदा वीण करतो. दोन वर्षांतून एक अंडं. पिल्लू नऊ-दहा महिने घरट्यात, म्हणजे अख्खा हिवाळा उघड्यावर, आणि हिवाळ्यातच उंदीर सगळ्यात भुकेला. उंदराची मादी एका उन्हाळ्यात किती वेळा विते ते तुम्हीच सांगा. ही शर्यत शंभर वर्षं चालणार नाही, त्याआधीच एक बाजू संपेल. मग समतोल होईल, हो. अल्बट्रॉसशिवायचा.

आणि न मारणं म्हणजे कुणीच मरत नाही असं नाही. पिल्लं जिवंतपणी कुरतडली जातात. कोण मरावं हे आपण ठरवत नाही असं म्हणताना आपण ते ठरवलेलंच असतं.

उंदीर जगातून नाहीसा होत नाहीये. या पक्ष्यांना मात्र जगात दुसरी जागा नाही.

---

गोठेवाला डॉक्टर · रविवार, दुपारी १२:१५

विषाबद्दल थोडं, कारण हे औषध रोजच्या ओळखीचं आहे. या बेटांवर वापरतात ते ब्रोडिफॅकम. आपल्याकडेही उंदराच्या वड्यांमध्ये हे किंवा याची भावंडं असतात. शरीरात व्हिटॅमिन के पुन्हा वापरात येण्याची साखळी ते तोडतं, रक्त गोठेनासं होतं, आतल्या आत रक्तस्राव होऊन जनावर मरतं. लगेच नाही, काही दिवसांनी. बेटावर याचा उपयोग असा की उंदीर हुशार असतो. खाल्ल्या खाल्ल्या पोटात दुखलं तर तो पुन्हा त्या गोळीला तोंड लावणार नाही, बाकीचेही सावध होतात. इथं त्याला खाणं आणि आजार यांचा संबंधच लागत नाही.

मरण सुखाचं आहे असं मात्र कुणी सांगत असेल तर ऐकू नका. हे विष खाल्लेली कुत्री दवाखान्यात येतात तेव्हा हिरड्यांतून रक्त, पांढरंफटक तोंड, धाप. व्हिटॅमिन के१ चालू करतो आणि आठवडे न् आठवडे द्यावं लागतं, कारण औषध यकृतात ठाण मांडून बसतं. गवत्या, याच कारणानं मेलेला उंदीर किंवा ससा खाणारा पक्षीही मरतो. त्याबद्दल तुम्ही लेखात गप्प आहात.

पाण्यात मात्र ते फारसं विरघळत नाही, मातीला चिकटून बसतं, त्यामुळे ओढे-तळी नासण्याची भीती त्या मानानं कमी.

---

गवत्या · रविवार, दुपारी १:४०

डॉक्टर, मेले. मॅक्वारीवर दोन्ही वर्षं मिळून दोन हजारांहून जास्त पक्षी मेलेले सापडले. स्कुआ, जायंट पेट्रेल, केल्प गल, बदकं. २०१० ची मोहीम अर्धवट सुटल्यावर पक्षी मेलेले पाहूनच योजनेत बदल झाले. कॅलिसीव्हायरस आधी सोडायचं एक मोठं कारण हेच: ससे विषानं मरण्याआधी विषाणूनं मेले तर विषारी मढी कमी पडतील. शिवाय माणसं फिरून मढी गोळा करत होती. डोंगरउतारावर वाऱ्यात सडके ससे वेचायचे, ही नोकरी.

हिवाळा निवडतात त्यालाही हेच कारण. बरेच पक्षी गेलेले असतात, उंदरांची वीण थांबलेली असते आणि खायला कमी असल्यानं ते गोळी सोडत नाहीत.

---

आकडेमोड · रविवार, दुपारी ४:२८

लेख रोचक, पण ‘मांजर हटवलं म्हणून ससे वाढले’ हे तुम्ही जितकं सरळ मांडलंय तितकं ते नाही. २००९ मध्ये याच विषयावर ‘जर्नल ऑफ अप्लाइड इकॉलॉजी’त शास्त्रज्ञांची चांगलीच जुंपली होती. डेना बर्गस्ट्रॉम आणि सहकाऱ्यांचं म्हणणं: मांजरं गेली, सशांवरचा दाब गेला, बेटाच्या जवळजवळ ४० टक्के भागावरची वनस्पती बदलली. दुसऱ्या गटाचं म्हणणं: मिक्सोमाचा जोर तोवर ओसरत चालला होता, सशांमध्ये प्रतिकारशक्ती येत होती, आणि जो विषाणू दरवर्षी सोडायचे त्याचं उत्पादनच १९९९ मध्ये बंद झालं. म्हणजे मांजर आणि विषाणू दोन्ही एकाच सुमारास गेले. कुणाचा वाटा किती हे वेगळं काढणं सोपं नाही.

वर्तमानपत्रांनी मात्र ‘संवर्धनवाल्यांनी मांजर मारून बेटाची वाट लावली’ अशा थाटात बातम्या दिल्या. तशाच बातम्या दाखवून उद्या कुणी म्हणेल, काही करूच नका.

---

गवत्या · रविवार, सायंकाळी ६:०३

@आकडेमोड, वाद माहीत आहे, मला त्यात विषाणूचं पारडं जड वाटतं. पण निष्कर्ष दोन्हीकडून एकच निघतो: मांजर, ससा, उंदीर यांची कामं वेगवेगळ्या वर्षांच्या अंदाजपत्रकात टाकता येत नाहीत. मांजरं काढणं चूक होतं असं मला तरी वाटत नाही, ग्रे पेट्रेल त्याच्याशिवाय परतलेच नसते. सशांचं काम अकरा वर्षं मागे राहिलं ही खरी गोची.

तुमच्या मुद्द्यात एक भर. ससे गेल्यावर मॅक्वारीवर स्कुआ कमी झाले, आणि ते फक्त विषानं नाही. शंभर वर्षं ते सशांवर पोसले होते, ते जेवणच संपलं. बिळात राहणारे पेट्रेल वाढताहेत, टसॉक आणि कोबी जोरात आहेत, ब्लू पेट्रेल मुख्य बेटावर पसरताहेत. स्कुआच्या बाबतीत ‘कमी झाले’ म्हणायचं की ‘मूळ पदावर आले’, यावर अजून लिहिलं जातंय.

---

बोटीवरचा · रविवार, रात्री ९:३७

केप टाउनहून दक्षिणेला जाणाऱ्या जहाजांवर काम केलंय, म्हणून दोन शब्द. चाळीस अंशांच्या खाली उतरलं की भटका अल्बट्रॉस जहाजामागं लागतो. पंखांचा पसारा तीन मीटरच्या पुढे. वारा जितका सोसाट्याचा तितका तो निवांत. लाटेच्या आडोशाला खाली येतो, वाऱ्यात तोंड घालून वर चढतो, पुन्हा खाली. पंख हलवताना दिसतच नाही. आम्ही कशाला तरी धरून उभे, आणि हा बाजूला एका डोळ्यानं आमच्याकडे बघत तरंगतोय. जुने लोक जहाजामागं कचरा पडायचा तेव्हापासूनची त्याची सवय म्हणतात.

पण याच सवयीनं त्याचा घात केला. गवत्यांच्या धाग्यात बेटावरचं सगळं आलं, समुद्रावरचं नाही. लांब दोरीची मासेमारी: एका दोरीला हजारो गळ, प्रत्येकाला आमिष. जहाजाच्या मागून दोरी सुटते तेव्हा आमिष बुडायच्या आधी काही क्षण पाण्यावर असतं, अल्बट्रॉस झडप घालतो, गळ अडकतो आणि दोरीबरोबर खाली जाऊन बुडून मरतो. १९९१ मध्ये नायजेल ब्रदर्स या टास्मानियाच्या संशोधकानं हिशेब मांडला होता: फक्त जपानी जहाजांच्या दोऱ्यांवर वर्षाला ४४ हजार अल्बट्रॉस.

उपाय अगदी साधे. दोरी रात्री सोडायची, वजन लावायचं म्हणजे पटकन बुडते, आणि मागे एक उंच दोर ओढत न्यायचा ज्याला रंगीत पट्ट्या लोंबत असतात. आपल्याकडे ज्वारीवर पाखरं बसू नयेत म्हणून चमकपट्टी बांधतात, तोच प्रकार. साउथ जॉर्जियाच्या पाण्यात टूथफिश माशाची मासेमारी हिवाळ्यावर ढकलली, हे सगळं सक्तीचं केलं, आणि गळाला लागून मरणारे पक्षी जवळपास शून्यावर आले. तरी तिथले भटके अल्बट्रॉस घटताहेतच. ते हजारो किलोमीटरवर चरायला जातात, तिथं दुसऱ्यांची जहाजं, दुसरे नियम.

---

निळी शाई · रविवार, रात्री १०:११

बोटीवरचा, मस्त प्रतिसाद. यावर स्वतंत्र धागा काढा ना. तो एका डोळ्यानं बघणारा पक्षी समोर आला.

---

पिंपळपान · सोमवार, सकाळी ७:५०

अवांतर: आपलाही या पाण्याशी संबंध आहे. गोव्यात वास्कोला जी ध्रुवीय संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे तिच्या मोहिमा दक्षिणी महासागरात जातात, आणि त्या पाण्यातल्या मासेमारीचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाचा भारत सदस्य आहे.

आणि बेटावर जनावर सोडायची खोड आपल्याकडेही झालीच. अंदमानात चितळ मूळचं नाही, इंग्रजांनी नेऊन सोडलं. खाणारं कुणी नाही, त्यामुळे कोवळी रोपं उगवली की साफ. पर्यटक फोटो काढतात, ‘किती माणसाळलेली हरणं’ म्हणतात. तिथं ‘मारा’ म्हणायची कुणाची हिंमत आहे?

---

मनीमाऊ · सोमवार, सकाळी ९:१५

माझं मत बदललेलं नाही, पण पिलाच्या वर्णनानंतर झोप लागली नाही हेही खरं. एक प्रश्न: एवढं करून उद्या एखाद्या पर्यटक जहाजातून पुन्हा उंदीर उतरला तर? मग परत विष?

---

दर्याकाठ · सोमवार, सकाळी ११:२०

@मनीमाऊ, प्रश्न बिनतोड आहे आणि उत्तर साउथ जॉर्जियात बघायला मिळतं. तिथं उंदीर सील आणि देवमासे मारणाऱ्यांच्या जहाजांतून उतरलेले, रेनडिअर नॉर्वेच्या लोकांनी १९११ मध्ये शिकारीसाठी सोडलेले. २०१३-१४ मध्ये साडेसहा हजारांहून जास्त रेनडिअर मारले. उंदरांचं काम २०११, २०१३ आणि २०१५ अशा तीन टप्प्यांत झालं. टप्पे पाडता आले कारण मधल्या हिमनद्या समुद्रापर्यंत उतरतात आणि उंदीर त्या ओलांडू शकत नाही, म्हणजे निसर्गानं बेटाचे कप्पे करूनच ठेवलेले. पण हिमनद्या मागे हटत चालल्या आहेत. आणखी काही वर्षं गेली असती तर कप्पे एकमेकांना जोडले गेले असते आणि सगळं बेट एकदम करावं लागलं असतं. म्हणून घाई. मे २०१८ मध्ये बेट उंदीरमुक्त जाहीर झालं. तिथला पिपिट, त्या भागातला एकमेव गाणारा पक्षी, उंदरांच्या काळात आसपासच्या छोट्या बेटांवर तग धरून होता. आता मुख्य बेटावर जिकडेतिकडे घरटी करतोय.

परत उंदीर येऊ नये म्हणून: फॉकलंडहून निघणारी जहाजं शिकवलेल्या कुत्र्यांकडून हुंगून घेतात. पर्यटकांना उतरण्याआधी बूट घासून दाखवावे लागतात, तळव्याच्या खाचेतला खडा टाचणीनं काढेपर्यंत. जाकिटाचे खिसे आणि चिकटपट्ट्या व्हॅक्यूम करतात, कारण गवताचं बी त्या केसाळ पट्टीत अडकून बसतं. आपल्या बागेत उगवतं ते साधं वार्षिक पोआ गवत याच वाटेनं यातल्या बऱ्याच बेटांवर पोचलंय आणि त्याला हेलिकॉप्टरनं मारता येत नाही.

---

आकडेमोड · सोमवार, दुपारी २:०९

दर्याकाठ यांच्या बुटांच्या वर्णनाला एक कडू जोड. २०२३ च्या अखेरीस साउथ जॉर्जियात बर्ड फ्लू पोचला, एच५एन१. त्याला ना बूट लागले ना जहाज, पक्ष्यांबरोबर उडत आला. पक्षी मेलेच, पण सगळ्यात मोठा फटका हत्ती सीलना. तिथल्या तीन मोठ्या किनाऱ्यांवर पिल्लं द्यायला येणाऱ्या माद्या २०२२ ते २०२४ मध्ये ४७ टक्क्यांनी घटल्या. २०२४ मध्ये क्रोझे, केर्गेलेन. २०२५ च्या अखेरीस हर्डवरही. हर्डवर बाहेरून आलेला एकही सस्तन प्राणी नाही, माणूस वर्षानुवर्षं पाय ठेवत नाही, यादीत सगळ्यात स्वच्छ बेट तेच होतं. (तेच ते, ज्याच्यावर अमेरिकेनं आयातशुल्क लावलं म्हणून पेंग्विनचे विनोद फिरत होते.)

गवत्या, शेवटच्यापर्यंत मारायचं हे तुमचं सूत्र इथं कुठं लावणार?

---

गवत्या · सोमवार, सायंकाळी ५:५५

@आकडेमोड, लावता येत नाही. तिथं मोजणं आणि माणसांची ये-जा कमी ठेवणं याच्यापलीकडे फार काही हातात नाही. म्हणून तर जे हातात आहे ते लवकर करावं असं माझं मत. फ्लूत निम्म्या झालेल्या वसाहतीला वर उंदीरही असले तर ती उठणार कशी?

---

गोठेवाला डॉक्टर · सोमवार, रात्री ८:१२

मॅरियनचं मग अडलंय कुठं? तंत्र आहे, मॅक्वारीचा अनुभव आहे.

---

गवत्या · सोमवार, रात्री ९:३०

पैसा आणि गॉफ.

गॉफ हे अटलांटिकमधलं ब्रिटिशांचं बेट, ६५ चौरस किलोमीटर. २०२१ च्या हिवाळ्यात आमिष टाकलं, सगळं नियमाप्रमाणे. अल्बट्रॉसची पिल्लं त्या हंगामात चांगली जगली. डिसेंबरमध्ये कॅमेऱ्यात एक उंदीर दिसला. संपलं. उंदीर पुन्हा बेटभर झाले. मॅरियन त्याच्या चौपटीहून मोठं, ३० हजार हेक्टर. न्यूझीलंडवाल्यांनी ॲंटिपोडीजवर २०१६ मध्ये छोटे उंदीर यशस्वीपणे संपवले, पण ते बेट २० चौरस किलोमीटरचं. एवढ्या मोठ्या बेटावर छोट्या उंदरांचं काम आजवर कुणी एका मोहिमेत केलेलं नाही. छोट्या उंदराचा वावरच काही मीटरचा, त्यामुळे हेलिकॉप्टरचा एक पट्टा दुसऱ्यावर चढवत इंच न् इंच झाकावा लागतो, कडेकपारीसुद्धा.

खर्च अडीच कोटी डॉलरच्या वर. सरकार आणि बर्डलाइफ साउथ आफ्रिका ही पक्षी वाचवणारी संस्था मिळून करताहेत, तारीख आधीच पुढे सरकलीय. पूर्ण पैसे जमल्याशिवाय आणि चाचण्या मनासारख्या झाल्याशिवाय हेलिकॉप्टर उठणार नाहीत. लोकांकडून हेक्टरमागे हजार रँड घेताहेत.

---

आडकित्ता · सोमवार, रात्री ९:४४

हजार रँड म्हणजे आपले पाचेक हजार. पुण्यात एवढ्यात पार्किंगही मिळत नाही, घेऊन टाकतो एक हेक्टर. सातबाऱ्यावर नाव चढतं का तेवढं विचारा.

---

मनीमाऊ · सोमवार, रात्री ९:५८

आडकित्ता, पीकपाणी रकान्यात काय लिहिणार? उंदीर?

---

गवत्या · सोमवार, रात्री १०:०३

नाव चढत नाही, चौकशी केली होती. पीकपाण्यात सध्या उंदीरच, त्यामुळे कर्जमाफीही नाही.